आधी परीक्षकाचा कान

कबनूर आणि इचलकरंजी यांच्यामधली हद्द आता कागदावरच उरली आहे. यंत्रमागांचा खडखडाट दोन्ही बाजूंना सारखा, आणि मागावर राबणारी माणसंही तीच. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली कुटुंबं इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. कर्नाटकची सीमा जवळ असल्यामुळे कन्नड पिढ्यान्‌पिढ्या कानावर आहे. मुस्लिम घरांतली दख्खनी आणखी वेगळी. या सगळ्या घरांतली मुलं मराठी शाळेच्या एकाच वर्गात येऊन बसतात, तेव्हा ‘या मुलाला मराठी वाचता येतं का?’ हा प्रश्न दिसतो तितका साधा राहत नाही. चाचण्यांवर, टक्केवारीवर, जिल्ह्यांच्या क्रमवारीवर आपण पुष्कळ बोलतो. चाचणी तयार करणारा आणि ती घेणारा माणूस कसा घडवायचा, यावर फार थोडं.

म्हणून एक संवाद इथे मांडतो आहे. एका बाजूला कबनूरमध्ये उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. दुसऱ्या बाजूला त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती भाषेच्या चाचण्या या विषयात संशोधन करते आणि मुलांचं वाचन तपासणाऱ्या तरुण संशोधकांना शिकवते. नावांची गरज नाही. मुद्दे महत्त्वाचे आहेत.

गुरुजी : तू कॉलेजच्या पोरांना दोन-तीन दिवस शिकवणार, आणि ती पोरं माझ्या गल्लीतल्या लेकरांवर ‘वाचता येतं’, ‘येत न्हाई’ असे शिक्के मारणार. पहिलीतल्या पोराला नेमकं कुठं अडतंय हे कळायला मला दिवाळी उजाडायची.

संशोधिका : तुम्हाला दिवाळीपर्यंत वेळ होता, गुरुजी, आणि ते मूल रोज समोर होतं. पण बापाला दुसरीकडे काम मिळालं, बिऱ्हाड हललं, की तुम्हाला कळलेलं सगळं तुमच्यापाशीच राहायचं. पुढच्या शाळेच्या हातात काय पडायचं? शाळा सोडल्याचा दाखला आणि ‘प्रगती समाधानकारक’ एवढा शेरा. जिल्ह्यातल्या हजारो मुलांबद्दल बोलायचं तर ओळखीवर भागत नाही. मोजावंच लागतं.

गुरुजी : मोजायला माझी ना न्हाई. पण मोजतंय कोण?

संशोधिका : माझा विषय तोच आहे. ‘असर’चं उदाहरण घ्या. प्रथम या संस्थेनं २००५ सालापासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासायला सुरुवात केली. साधन अगदी छोटं : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल सलग वाक्य वाचतंय की एकेक शब्द सुटा करून, आणि तीनपेक्षा जास्त चुका होतात का, हे ऐकायचं. जमलं तर पुढे गोष्ट द्यायची, नाही जमलं तर शब्द. पाच शब्दांतले चार बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर. नियम कुणालाही पाच मिनिटांत सांगता येतात. पण सुटं सुटं म्हणजे किती सुटं? अडखळून मुलानं स्वतःच दुरुस्त केलं तर ती चूक धरायची का? आई शेजारून पुटपुटली आणि मूल पुढे सरकलं, तर काय लिहायचं? इथे दोन माणसं एकाच मुलाच्या दोन पातळ्या लिहू शकतात. प्रशिक्षण असतं ते यासाठी.

गुरुजी : हे तर आम्हा मास्तरांतही होतंय. एकाच निबंधाला एक जण सात देतो, दुसरा चार.

संशोधिका : त्याचा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्यातल्या एका उत्तरपत्रिकेला कुणी ५० गुण दिले, कुणी ९८. तेव्हापासून या शास्त्रानं एक धडा घेतला आहे : मुलाची परीक्षा घेण्याआधी परीक्षकाची घ्या.

मी शिकवते तेव्हा पहिलं काम हेच देते. दोघांनी वेगवेगळं बसून वीस मुलांच्या वाचनाचं ध्वनिमुद्रण ऐकायचं. समजा, चौदा मुलांना दोघांनीही ‘येतं’ म्हटलं आणि दोन मुलांना दोघांनीही ‘येत नाही’. उरलेल्या चार मुलांवर मतं फुटली : दोन मुलांना पहिल्यानं पास केलं, दोघांना दुसऱ्यानं. वीसपैकी सोळा मुलांवर एकमत, म्हणजे ८० टक्के. नवखा माणूस खूश होतो. पण बघा, दोघंही वीसपैकी सोळा मुलांना ‘येतं’ म्हणत होते. मुलांचा आवाज न ऐकता, त्याच प्रमाणात डोळे मिटून शिक्के मारले असते, तरी ६८ टक्के वेळा त्यांचं जुळलंच असतं. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेल्या ‘कॅपा’ या मापात हे योगायोगाचं जुळणं वजा होतं. मग एकमत उरतं ०.३८च्या आसपास, पूर्ण एकमत असतं तर ते १ आलं असतं. अशा दोघांना मी गावात पाठवत नाही. पुन्हा ऐकायला बसवते. ज्या चार मुलांवर मतं फुटली, त्यांच्या एकेका शब्दावर वाद घालायला लावते.

गुरुजी : हिशेब पटला. आता माझं ऐक. समज, तुझे दोघंही पुण्याचे, एकाच वळणाच्या शाळेत शिकलेले. त्यांचं शंभर टक्के जुळंल. आणि दोघं मिळून चुकतील. तुझा कॅपा तिथं काय करणार?

हा प्रश्न गुरुजींनी कुठल्या पुस्तकातून काढलेला नव्हता, पण या शास्त्राचा गाभा त्यांनी बरोबर पकडला होता. मोजणारे आपसात जुळतात का, ही विश्वसनीयता. आणि मोजून काढलेल्या निष्कर्षाला आधार आहे का, ही वैधता. सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ साली सविस्तर मांडलं की, वैधता चाचणीच्या अंगी कायमची चिकटलेली नसते. तिच्या गुणांवरून आपण काय अर्थ लावतो आणि पुढे काय करतो, तिथे ती तपासावी लागते. एकच उतारा गावात जन्मलेल्या मुलाबद्दल खरं सांगेल आणि वर्षापूर्वी बिहारमधून आलेल्या मुलाबद्दल खोटं. संशोधकाच्या शिक्षणात विश्वसनीयतेची सूत्रं लवकर येतात, कारण ती गणितात बसतात. वैधतेला माणसं, गाव आणि भाषा माहीत असावी लागतात.

गुरुजी : आपल्याकडं बायका-पोरी ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. तू एखाद्या पोरीला बाजाराचं चित्र दाखवून ‘काय दिसतंय सांग’ म्हणालीस. ती म्हणाली, ‘मी बी आईसंगं बाजारला जातो.’ तुझ्या गुणांच्या तक्त्यात ‘लिंग-वचन अचूक’ असा रकाना असला तर गेले तिचे गुण. तिच्या आईनं, आजीनं दिलेली भाषा ती बिनचूक बोलली, आणि तुझ्या कागदावर ती कच्ची ठरली.

संशोधिका : मी स्वतः घरात ‘येतो-जातो’च म्हणते, गुरुजी. हा रकाना मला बोचणार नाही तर कुणाला? म्हणून तक्ता बनवतानाच ठरवावं लागतं की आपण काय तपासतोय. मुलीला अनुभव सांगता येतो का, हे तपासायचं असेल तर त्या ‘जातो’ला हात लावायचा नाही. प्रमाण मराठीत लिहिता येतं का, हे तपासायचं असेल तर ती वेगळी चाचणी, वेगळ्या इयत्तेत, आणि ते शिकवून झाल्यावर. मोठ्यानं वाचनातही तेच. ‘नाही’चं ‘न्हाई’ झालं, ‘पाणी’चं ‘पानी’ झालं, तर मुलानं शब्द ओळखला आहे. ती वाचनाची चूक नव्हे.

गुरुजी : मग सरळ आहे. गावचाच माणूस तपासायला ठेव. प्रश्न मिटला.

संशोधिका : नाही, इथे मी तुमच्याशी भांडणार. तुमच्याच वर्गात दोन मुलं आहेत असं समजा. एकानं ‘पाणी’ला ‘पानी’ वाचलं. तुम्ही हसून पुढे गेलात, कारण तुमच्या कानाला ते घरचं आहे. दुसऱ्यानं ‘शाळा’ला ‘शाला’ वाचलं. तो भोजपुरी घरातला आहे, त्याच्या भाषेत ‘ळ’ नाही. त्याला तुम्ही थांबवलंत. ‘शा-ळा. पुन्हा वाच.’ दोघांनी शब्द ओळखला होता. एकाला तुम्ही माफ केलं, दुसऱ्याची चूक मोजली.

गुरुजी : …

संशोधिका : गंमत बघा, ओडिया घरातल्या मुलाकडे ‘ळ’ असतो. कन्नड घरातल्या मुलाकडेही असतो. तुमच्या कानाला ही तिन्ही मुलं ‘बाहेरची’ एवढीच वाटतात, पण त्यांच्या अडचणी एक नाहीत. मराठीतल्या ‘च’चे दोन उच्चार, ‘चहा’तला एक आणि ‘चाक’मधला दुसरा, हिंदी घरातल्या मुलाला कुणी सांगितलेलेच नसतात, लिहिताना अक्षर एकच दिसतं. गावचा कान गावच्या पोराला न्याय देतो, हे मान्य. पण गावात आता कोण कोण राहतं?

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले ते मला महत्त्वाचं वाटतं.

गुरुजी : ‘शाला’ म्हणणाऱ्या पोराला मी थांबवायचो, खरंच. मला वाटायचं मी त्याला मराठी शिकवतोय. शिकवणं म्हणून ते वाईटही नव्हतं. पण तपासणं म्हणून ते चुकीचं होतं, हे आज कळतंय. शिकवताना दुरुस्त करायचं आणि तपासताना नुसतं ऐकायचं. मास्तराला हे अवघड जातं बघ. तोंड आपोआप उघडतंय.

संशोधिका : म्हणून शिक्षकांना प्रशिक्षण देताना मला सगळ्यात जास्त वेळ गप्प राहायला शिकवण्यात द्यावा लागतो. ‘हं’, ‘शाब्बास’, ‘बघ बरं नीट’ यातलं काहीही म्हटलं तरी मुलाला उत्तराचा सुगावा लागतो.

गुरुजी : आणि मूल मुकंच बसलं तर? लई पोरं बसतात. अनोळखी माणूस, हातात कागद, खिशात पेन. त्याला येत न्हाई म्हणून ते गप्प आहे की भ्यालंय, हे दोन दिवसांत शिकवशील?

संशोधिका : दोन दिवसांत नाही शिकवता येत. इथे तुम्ही जिंकलात.

ही कबुली मोलाची आहे, कारण प्रशिक्षणाच्या मुदतीचा प्रश्न एरवी फक्त खर्चाचा म्हणून सोडवला जातो. तयार साधन घेऊन ठरलेल्या पायऱ्यांनी चालणाऱ्या स्वयंसेवकाला काही दिवसांत तयार करता येतं. पायऱ्या पक्क्या असल्या आणि नंतर काही घरांत फेरतपासणी झाली की काम निभतं. पण साधन बनवणारा संशोधक ही वेगळी गोष्ट. उतारा निवडणं, त्याची काठिण्यपातळी ठरवणं, वर्षाच्या सुरुवातीचा आणि अखेरचा उतारा सारख्याच ताकदीचा आहे ना हे पाहणं, ही कामं घाईत होत नाहीत. अखेरचा उतारा सोपा निघाला तर मुलं काही न शिकताही पुढे गेलेली दिसतात आणि सगळे आनंदात असतात. डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेली पद्धत आज जगभर वापरली जाते. तिचं मूळ शाळकरी मुलांच्या मोठ्यानं वाचनातल्या चुका मोजण्यातच होतं. वेगवेगळे उतारे वाचलेल्या मुलांना एका मापावर कसं आणायचं, हा त्यांचा प्रश्न होता. तोच आपलाही आहे.

आपल्या भागात हे काम कधी झालंच नाही असंही नाही. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्यानं बसवली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. ती भाषेची चाचणी नव्हती, पण एक साधन दोन भाषांत नेताना काय करावं लागतं, याचा धडा या सीमाभागात तेव्हाच गिरवला गेला होता. अलीकडे, २०१३ ते २०१६ या काळात, पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी शिकणाऱ्या आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षं पाठपुरावा करून वाचन-लेखनाचा मोठा अभ्यास झाला. मुलं तीच, आणि त्यांना पुन्हा पुन्हा भेटून पाहिलेलं. गुरुजींची दिवाळी अशा अभ्यासात बसते.

गुरुजी : मला ते मिनिटाला शब्द मोजणं पटत न्हाई. घड्याळ लावून वाचायला लावलं की पोरं अर्थ सोडून पळतात. मग शाळाही तेच शिकवतात. पळायला.

संशोधिका : मिनिटाचा उपयोग आहे. एकेक अक्षर जुळवण्यात सगळी शक्ती गेली तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते. पण भाषेप्रमाणे माप बदलतं, हे खरं. हिंदीत ‘घर के सामने के’ हे चार शब्द. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच. दोन्हीकडे मिनिटाला अमुक शब्द असा एकच आकडा लावला तर मराठी मूल विनाकारण मागे दिसेल. २०२२ साली एनसीईआरटीनं तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला. एकेका मुलाला समोर बसवून, वीस भाषांत. त्यात प्रत्येक भाषेची पातळी वेगळी ठरवली, ती यासाठीच.

गुरुजी : आणि अर्थ?

संशोधिका : अर्थ वेगळा तपासायचा. १९८६ साली गॉफ आणि टनमर यांनी एक साधी मांडणी केली : वाचनाची समज म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य झाली की सगळं शून्य. आता कबनूरच्या वर्गात बघा. बिहारमधून आलेलं मूल देवनागरी शिकून आलंय. ते मराठी उतारा झरझर वाचतं आणि काय वाचलं ते त्याला कळत नाही. शेजारच्या बाकावर गावातलं मूल आहे. त्याला गोष्ट सांगितली तर त्यातली खाचखोच कळते, पण अक्षर लागत नाही. मिनिटाच्या चाचणीत पहिलं हुशार, दुसरं ढ. नुसते प्रश्न विचारले आणि उतारा आपण वाचून दाखवला, तर उलटं. दोघांना दोन वेगळ्या मदती हव्यात. एकच आकडा दिलात तर दोघांनाही चुकीची मदत मिळेल.

गुरुजी : म्हणजे दोन्ही बाजू मोजायच्या. आणि घरची भाषा विचारायची.

संशोधिका : विचारायची, आणि नीट विचारायची. ‘तुझी मातृभाषा कोणती?’ म्हटलं की मूल शाळेला आवडेल ते सांगतं. आजीशी काय बोलतोस, भांडताना काय बोलतोस, असं विचारलं की खरं बाहेर येतं. आमच्या संशोधन-पद्धतीच्या तासांना प्रश्नावली कशी बनवायची ते शिकवलं, पण सात वर्षांच्या मुलाला प्रश्न कसा विचारायचा हे कुणीच शिकवलं नाही.

एक गोष्ट या संवादात आली नाही, ती मी जोडतो. ‘असर’ची पाहणी जनगणनेतल्या खेड्यांची यादी धरून होते. कबनूरची गणना जनगणनेत शहरात होते. लोकसंख्या, दाटी आणि शेतीबाहेरचा रोजगार या कसोट्यांवर ‘जनगणना शहर’ ठरलेल्या गावांपैकी ते एक आहे. म्हणजे पाच भाषांच्या या वर्गाची घरोघरची पाहणी त्या चौकटीत येतच नाही. सरकारी पाहण्या शाळेत होतात. तिथे त्या दिवशी हजर असलेलं मूलच मोजलं जातं. मागाला काम नाही म्हणून महिनाभर गावी गेलेलं मूल दोन्हीकडून सुटतं. नमुना निवडायला शिकणाऱ्या संशोधकाला सूत्राच्या आधी हे शिकवायला हवं की, यादीच्या बाहेर कोण राहिलं ते शोध.

माझं मत सांगतो. परीक्षकाला शिकवून तयार करावं लागतं, याबद्दल मी संशोधिकेच्या बाजूनं आहे. गावात जन्मल्यानं कान निष्पक्ष होत नाही. क्रमाबद्दल मात्र मी गुरुजींच्या बाजूनं आहे. आधी महिनोन्‌महिने मुलांना ऐकणं, मग आकडे. उलट क्रमानं शिकलेला संशोधक सूत्र बिनचूक लावतो आणि चुकीच्या गोष्टीला लावतो. म्हैसूरला १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे आणि तिथे चाचण्यांसाठी राष्ट्रीय चाचणी सेवा हा विभागही उभा राहिला. पण कबनूरच्या मुलाला ऐकण्याचा सराव म्हैसूरला होणार नाही, तो इथेच व्हायला हवा. त्यासाठी लागणारी माणसं इथेच आहेत : महाविद्यालयांचे मराठी, हिंदी, कन्नड, उर्दू विभाग, अध्यापक विद्यालयं, आणि गुरुजींसारखे निवृत्त शिक्षक.

मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी तुमच्या एका विद्यार्थ्याला साहित्याबाहेरचा विषय द्या. पालकांची आणि मुलांची परवानगी घेऊन, नावं न नोंदवता, आपल्या तालुक्यातल्या वेगवेगळ्या घरांतल्या मुलांचं वाचन ध्वनिमुद्रित करू द्या. ते दोघांना वेगवेगळं ऐकायला लावा, आणि एकाच्या घरची भाषा दुसऱ्याहून वेगळी असेल असं पाहा. जिथे दोघांचं जुळणार नाही, तिथल्या नोंदी शिक्षण विभागाकडे आणि शाळांकडे पाठवा.